हिंडनची सरासरी आणि वर्गातले अर्धे मिनिट

गाझियाबादजवळच्या हिंडन तळावरून २०१९ साली पिथौरागढला जाणारे छोटे विमान उडाले, तेव्हा त्याचे कौतुकच अधिक झाले. चित्र पालटले ते २०२५ मध्ये. १ मार्चपासून एअर इंडिया एक्सप्रेसची आणि २० जुलैपासून इंडिगोची जेट विमाने येथून बेंगळुरू, कोलकात्यासारख्या महानगरांकडे झेपावू लागली. तळ मुळात हवाई दलाचा; सी-१३०जे आणि सी-१७ ही अवजड मालवाहू विमाने येथे एका तपाहून अधिक काळ नांदत आहेत. आता त्याच धावपट्टीवर नागरी वाहतुकीची भर पडली आहे, आणि भोवती करहेडा, सिकंदरपूर, फारुखनगर अशा दाट वस्त्या आहेत.

प्रवाशांची सोय झाली, हे निर्विवाद. पण या आवाजाचे मोजमाप ज्या रीतीने होते, ती रीत तपासून पाहण्याजोगी आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. विमानतळांच्या परिसरासाठी मात्र २०१८ मध्ये वेगळे मानक आले. वर्षाला ५०,०००हून अधिक उड्डाणे व अवतरणे होणारा विमानतळ ‘व्यस्त’ ठरतो. तेथे दिवसा ७० व रात्री ६५, तर इतर विमानतळांपाशी ६५ व ६० डेसिबल चालतात. या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते त्यांचे स्वरूप: हे सगळे आकडे सरासरीचे आहेत.

एक साधे गणित करून पाहावे. सकाळी सहा ते रात्री दहा म्हणजे ५७,६०० सेकंद. या काळात एखाद्या शाळेवरून वीस विमाने गेली, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट ८५ डेसिबलचा गडगडाट झाला आणि एरवी ५० डेसिबलची शांतता राहिली, तर दिवसाची सरासरी भरते सुमारे ६५. म्हणजे शाळा जवळजवळ मर्यादेवरच! प्रत्यक्षात ८५ डेसिबलमध्ये शिक्षकाचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. वाक्य तुटते, मुले खिडकीकडे पाहतात, फळ्यावरचे उदाहरण पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. डेसिबलची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे विमाने वीसची चाळीस झाली, तरी सरासरी केवळ ३ डेसिबलने वाढते. कागदावर किरकोळ वाटणारी ही वाढ वर्गात मात्र दुप्पट व्यत्यय होऊन येते.

या व्यत्ययाचे मोल काय, हे विज्ञानाने बऱ्यापैकी नेमके सांगितले आहे. ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधील ८९ शाळांतल्या ९ ते १० वर्षांच्या २,८४४ मुलांचा अभ्यास २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज वाढत गेला, तसे वाचनाचे आकलन घसरत गेले. ब्रिटनमधील मुले दर ५ डेसिबलमागे सुमारे दोन महिने मागे पडलेली आढळली. रस्त्यावरच्या आवाजाचा वाचनावर असा परिणाम दिसला नाही. सतत चालणाऱ्या गुणगुणीशी मन जुळवून घेते. थांबून थांबून कोसळणाऱ्या आवाजाशी ते जमत नसावे, असा एक तर्क आहे.

त्याहून बोलका दाखला म्युनिकचा. तेथील जुना विमानतळ मे १९९२ मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी स्थलांतरापूर्वीच दोन्हीकडच्या मुलांच्या चाचण्या घेऊन ठेवल्या होत्या. पुढच्या दोन वर्षांत जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्याजवळच्या मुलांचे बिघडले. म्हणजे हानी भरून येऊ शकते, पण आवाज हटला तर.

हा निष्कर्ष हाती लागला, तो मोजणी आधी झाली म्हणून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून उभारलेल्या ध्वनिमापन जाळ्यात सात महानगरांतील ७० केंद्रे आली. दिल्ली त्यात आहे, गाझियाबाद नाही. लष्करी विमानांच्या वेळा गोपनीय राहणार, हे समजण्यासारखे आहे. नागरी वेळापत्रकाला ती अडचण नाही. शिवाय मापकाला विमान कोणाचे, हे कळत नाही आणि मुलाच्या कानालाही नाही. तेव्हा सरासरीच्या जोडीला रोज किती वेळा आवाज ८० डेसिबलपलीकडे गेला आणि त्यांपैकी किती वेळा शाळा भरलेली होती, ही नोंद नियमातच यायला हवी. यासाठी लागते ते वर्गाच्या खिडकीपाशी बसवलेले मापक आणि आकडे उघड करण्याची तयारी. यांतील पहिली गोष्ट स्वस्त आहे.

विमानांचे उन्हाळी वेळापत्रक दरवर्षी मार्चच्या अखेरच्या रविवारी लागू होते. नवी उड्डाणे कोणत्या वेळी आहेत, हे तेव्हा आधीच ठाऊक असते. करहेड्यातल्या शाळांचे तासही ठरलेले असतात. ही दोन वेळापत्रके शेजारी-शेजारी ठेवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.