एक डाव ताईचाही

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या परभणीत ४२-४३ डिग्रीचं ऊन. दुपारी कुणाच्याही घरात डोकवा, कूलरपुढं लेकरं टीव्हीला चिकटून बसलेली असतात. घरात व्हिडिओ गेम असला तर मग बघायलाच नको. गाड्यांची रेस लागलेली असते आणि ‘अरे काट, काट! डावीकडून घे!’ असा गलका. मैत्रिणींनो, अशा वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन एकदा नीट बघा, रिमोट कुणाच्या हातात आहे? दादाच्या. मग दादाच्या मित्राच्या. मग धाकट्याच्या. आणि ताई? ती मागे बसून बघतेय, नाहीतर सगळ्यांना सरबत आणून देतेय. फारच हट्ट केला तर तिला एक डाव मिळतो. पहिल्याच वळणावर तिची गाडी धडकते, सगळे हसतात आणि ‘तुला नाही जमत, दे इकडं’ म्हणत रिमोट परत जातो.

हे आजचं नाही. नव्वदच्या दशकात ‘समुराई’ नावाचा व्हिडिओ गेम गावोगावी आला, तेव्हाही हेच चित्र होतं. जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र काढलं, त्याच्याच कुळातला हा. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट खुपसायची की झालं. अडली तर काढून फुंकर मारायची! ‘रोड फायटर’मधली ती लाल गाडी आज चाळिशीत आलेल्या कितीतरी भावांना आठवत असेल. एका बटणावर साधा वेग, दुसऱ्यावर थेट ४००. पेट्रोल सारखं उतरत जायचं आणि रंगीबेरंगी गाडी दिसली की तिला गाठून ते भरून घ्यायचं. ‘एक्साइटबाइक’मध्ये तर जोराचं बटण जास्त वेळ दाबून धरलं की इंजिन तापायचं आणि फटफटी जागीच उभी राहायची. त्यात आपल्याकडचं लोडशेडिंग. लाइट गेली की जिंकत आलेली रेसही गेली. या आठवणी भाऊ रंगवून सांगतात. बहिणींना विचारलं तर त्या म्हणतात, ‘आम्ही बघायचो.’

पुढे प्लेस्टेशन आलं. त्याचं २००० साली निघालेलं दुसरं मॉडेल जगभरात १५ कोटींच्या वर खपलं. आजचं नवं मॉडेल अर्ध्या लाखाच्या आसपास जातं, त्यामुळे आपल्याकडे बरीच लेकरं मोबाइलवरच गाड्या पळवतात. पण मोबाइल आणि टीव्हीवरचा गेम यात एक फरक आहे. मोबाइलवर मुलगी कोपऱ्यात बसून एकटी खेळू शकते. टीव्हीवरचा गेम घराच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत चालतो. तिथं कुणाचा डाव आधी आणि कुणाचा किती वेळ, हे घर ठरवतं. म्हणूनच मला तो रिमोट महत्त्वाचा वाटतो.

‘अहो ताई, खेळच तो, त्यात काय एवढं?’ असं कुणी म्हणेल. मी बचत गटांच्या बैठकांना फिरते. दारात दोन-दोन गाड्या आहेत, पण बँकेत जायचं तर मुलगा क्लासहून येईपर्यंत बाई थांबलेली. मालक परगावी, रात्री लेकराला ताप चढलेला, अंगणात मोटारसायकल उभी आणि बाई शेजारच्या दारावर थाप मारतेय, हे कितीजणींच्या तोंडून ऐकलं. ‘शिकला का नाहीत?’ विचारलं की उत्तर एकच, ‘मला नाही जमत बाई.’ वाक्य ओळखीचं वाटतं ना? कूलरपुढं बसून जे ऐकलं, तेच ती तीस वर्षांनी स्वतः म्हणते.

जमणं न जमणं हे सरावावर असतं. कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठात २००७ साली एक प्रयोग झाला. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं, आजूबाजूला काय चाललंय ते झटकन टिपणं, यात मुली मुलांपेक्षा मागे पडत होत्या. व्हिडिओ गेम न खेळणाऱ्या मुलामुलींना फक्त १० तास एक वेगवान गेम खेळायला दिला आणि हे अंतर बरंच कमी झालं. तो गेम लढाईचा होता, गाड्यांचा नव्हता, पण मुद्दा ध्यानात यावा. सासूबाईंनाही यातून वगळायला नको. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ६० ते ८५ वयाच्या माणसांसाठी खास गाडी चालवायचा गेम बनवला. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि ठरावीक खूण दिसली की बटण दाबायचं. महिनाभरात १२ तास खेळल्यावर दोन कामं एकदम सांभाळण्यात हे आजी-आजोबा विशीतल्या पोरांना मागे टाकू लागले. २०१३ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात हे छापून आलंय. (दूध, कुकर आणि फोन एकाच वेळी सांभाळणाऱ्या आपल्या बायकांना याचं फारसं नवल वाटणार नाही, ते सोडा.)

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्याला सातव्या वर्षी रिमोट मिळतो, त्याला चौदाव्या वर्षी बाबांची मोटारसायकलही मिळते. वसमत रोडला नाहीतर जिंतूर रोडला संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. मिसरूड न फुटलेली पोरं तिघं-तिघं बसून अशी सुटतात, जणू पुढच्या गाडीला धडकलं तरी नवा डाव मिळणार आहे. रेसचे गेम खेळल्यावर गाडी चालवताना धोका पत्करायची वृत्ती वाढते, असं जर्मनीतल्या संशोधकांना २००७ सालीच आढळलं होतं. आणि आपण कौतुकानं सांगतो, ‘आमचा बंटी आठवीतच गाडी शिकला!’ मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन मिळत नाही. १६ व्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्या दारातल्या बहुतेक स्कूटी त्याहून मोठ्या आहेत, त्यांना १८ पूर्ण लागतात.

एकाला लवकर आणि दुसरीला कधीच नाही, असा हा आपल्या घरातला हिशेब आहे, आणि तो बहुतेक वेळा आपण बायकाच चालवतो. मुलीच्या हातात गाडी दिली तर पडेल, लागेल, लग्नात अडचण येईल. मुलगा पडला तर? ‘पडल्याशिवाय शिकत नाही कुणी!’

एसटीच्या स्टिअरिंगवर २०२३ साली बायका बसल्या. पुण्याच्या डायना पंडोल या दोन लेकरांच्या आई. मोटार शर्यतीत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून २०२४ साली त्यांचं नाव झालं. आपल्या मुलींनी शर्यतीत उतरावं असं माझं म्हणणं नाही. पण गाडी ही आपलीही वस्तू आहे, हे त्यांना लहानपणीच कळायला हवं.

तेव्हा या सुट्टीत एक करून बघा. घड्याळ लावून प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटं द्या, आणि पहिला डाव ताईचा. ती धडकली तरी पंधरा मिनिटं तिचीच. कुणी हसलं तर त्याचा डाव कापायचा. दिवसाला सगळ्यांचा मिळून तासभर पुरे, डोळ्यांनाही विसावा हवा. जमलं तर एखादा डाव तुम्हीही घ्या, लेकरं खूश होतात आणि नीट शिकवतात. आणि घरातल्या लेकीला किंवा सुनेला १८ पूर्ण झाली असतील तर तिचं शिकाऊ लायसन काढून टाका. आधार कार्ड असलं की ती परीक्षा २०२१ पासून आपल्या राज्यात घरबसल्या ऑनलाइन देता येते. पक्क्या लायसनला मात्र आरटीओत जाऊन गाडी चालवून दाखवावी लागते, त्यासाठी मधल्या महिन्यात तिला रोज सकाळी, रस्ता मोकळा असताना, गाडीची चावी द्यायला विसरू नका.