परवलीचा शब्द आणि तोतया पहारेकरी

'पासवर्ड' याला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. शब्द छावणीतला आहे. रात्री आत शिरू पाहणाऱ्यास पहारेकरी परवली विचारतो आणि ती बरोबर सांगणाऱ्यासच वाट देतो. या व्यवस्थेत परीक्षा होते ती येणाऱ्याची. पहारेकऱ्याची परीक्षा कोणीच घेत नाही. शत्रूचा माणूस पहारेकऱ्याचा वेष घेऊन उभा राहिला, तर परवली आपण होऊन त्याच्या हाती पडते.

बँकेच्या किंवा वीजमंडळाच्या नावाने उभारलेल्या बनावट संकेतस्थळांवर आज नेमके हेच घडते. बोधचिन्ह तेच, रंग तेच. मोबाइलवर येणारा ओटीपीही येथे पुरा पडत नाही. तोतया तोही विचारून घेतो आणि त्याच क्षणी खऱ्या बँकेत वापरतो. डोळ्यांवर विसंबावे, तर रोमन लिपीतील छोटे 'आर' आणि 'एन' शेजारी आले की चष्म्यातून 'एम'च भासते.

म्हणून ब्राउझरला जोडावयाचे 'पासवर्ड मॅनेजर' नावाचे साधन वाचकांनी विचारात घ्यावे. (ब्राउझरला 'न्याहाळक' हा प्रतिशब्द आहे व मला तो आवडतो, परंतु घरातली मुले हसतात.) प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता आणि त्याची परवली यांची जोडी ते कुलूपबंद राखते. पुढ्यातला पत्ता नोंदीशी जुळला, तरच परवली भरते. रंगरूपाकडे ते पाहतच नाही. 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' आले, की ते मौन धरते. हे मौन हीच धोक्याची सूचना होय. पुष्कळ सज्जन मात्र 'यंत्र बिघडले' असे म्हणून परवली स्वहस्ते टंकतात आणि तेथेच फसतात! २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी पुढे आणलेली 'पासकी' हीदेखील पत्त्याशीच बांधलेली असते. तीत तर परवली उच्चारावीच लागत नाही.

तथापि दिसेल ती जोडणी बसवू नये. दक्षिण कोरियात १९९९ साली इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीचा कायदा झाला. पुढे बँकव्यवहारासाठी अधिकृत प्रमाणपत्र आवश्यक ठरले आणि ते चालविण्यासाठी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये 'ॲक्टिव्हएक्स' जातीची जोडणी बसवावी लागे. ओळख पक्की व्हावी हा हेतू उत्तम होता. परिणाम असा झाला की, त्या एका ब्राउझरवाचून नागरिकांचे पान हलेना, आणि पडद्याने 'बसवू का?' असे पुसताच न वाचता 'हो' म्हणण्याची सवय लोकांना जडली. चोरांना आणखी काय हवे? त्या प्रमाणपत्राचे विशेष स्थान डिसेंबर २०२० मध्ये कायद्याने संपले. सवय कायद्याने जाते की नाही, हे निराळे.

ब्राउझरला जोडलेल्या अशा साधनास आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची मुभा बहुधा द्यावी लागते. तेव्हा कर्ता कोण, हे पाहूनच त्याला घरात घ्यावे. नामांकित कर्त्याचीही हमी नसते. २०२२ मध्ये 'लास्टपास'कडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीस गेल्या. ज्यांची मुख्य परवली दुबळी होती, त्यांना धोका अधिक. नातवाचे नाव आणि जन्मसाल ही परवली नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा मराठी शब्द रोमन लिपीत लिहून केलेली परवली कितीतरी बळकट.

ही एक मुख्य परवली कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, मृत्युपत्राशेजारी कपाटात ठेवण्यास हरकत नाही. आपल्याकडे मुले पुण्याला किंवा परदेशी असतात. कर्ता पुरुष अकस्मात गेला, तर घरात एकट्या राहिलेल्या पत्नीला खाती किती आणि कोठे, हेसुद्धा ठाऊक नसते. मृताच्या नावाने व्यवहार करणे नियमात बसत नाही, हे खरे. पण निदान यादी तरी तिच्या हाती येते, आणि कोणत्या बँकेत अर्ज न्यावयाचा हे कळते. पाकीट कोणत्या खणात आहे, ते मात्र तिला आजच सांगून ठेवावे.