ट्राम आणि पृथ्वीचा गाभा

१/ पृथ्वीचे चुंबकत्व तिच्या गाभ्यातील वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतून उपजते. त्यातील संथ बदल ओळखण्यासाठी अनेक दशकांच्या सलग नोंदी लागतात.

२/ कुलाबा वेधशाळेत अशा नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणताच त्या बिघडण्याचे भय निर्माण झाले. संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली; १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर मोजमाप चालले. म्हणूनच मालिका तुटली नाही.

३/ विद्यापीठात भूभौतिकी शिकवताना समीकरणांबरोबर ही दोन वर्षेही शिकवावीत, असे माझे ठाम मत आहे. आमच्या पुनावळ्यात शेतांच्या जागी उंच इमारती आल्या, शहरे वाढणारच. जुनी नोंद नवीशी ताडून मगच थांबवण्याचा विवेक मात्र शिकावा लागतो.