जर्सी लंडनची, मैदान कामठीचं

रात्री दीड वाजता होस्टेलमध्ये दिवे चालू असण्याची कारणं दोनच. एक सबमिशन, दुसरं चॅम्पियन्स लीग. सबमिशनच्या रात्री सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ असतात, कारण जर्नल एकाचंच पूर्ण असतं. लीगच्या रात्री मात्र आमच्या विंगेची फाळणी होते. मँचेस्टरवाले एका खोलीत, आर्सेनलवाले दुसऱ्या खोलीत, आणि बार्सिलोनावाले ज्याचा लॅपटॉप मोठा त्याच्या पलंगावर. सकाळी मेसमध्ये तर्री-पोह्यांवर पोस्टमॉर्टम. "आपण डिफेन्समध्येच मार खाल्ला बे!"

हा "आपण" मला फार आवडतो. बोलणारा वर्धेचा, शिकतो नागपुरात, जर्सी घेतली बर्डीच्या फुटपाथवर घासाघीस करून, आणि "आपण" म्हणजे कोण, तर लंडनचे अकरा जण.

आता कोणी म्हणेल, याच्या पोटात का दुखून राहिलं? अजिबात दुखत नाही. चांगला फुटबॉल चांगलाच असतो, तो मीही जागून पाहतो. प्रश्न दुसराच आहे, आणि तो मला पडलेला नाही. आमच्या विंगेत कोल्हापूरचा एक दोस्त आहे. एकदा असाच वाद रंगात आला असताना तो म्हणाला, "ते सगळं ऱ्हाऊ दे मर्दा. तुमच्या नागपूरची टीम कुठली?" खोलीत बारा जण होते. त्यातले पाच अस्सल नागपूरचे. कोणाला एका क्लबचं नाव सांगता आलं नाही. शेवटी एक जण म्हणाला, "झुंड!"

'झुंड' ही काही टीम नाही, पण त्या बिचाऱ्याचं सगळंच चुकलं असंही नाही. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०२२ मध्ये आला, अमिताभ बच्चन त्यात होते, आणि गोष्ट आपल्याच शहरातली. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन २००१ मध्ये 'स्लम सॉकर' सुरू केलं. त्यातूनच पुढे आलेला अखिलेश पॉल २०१० साली रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन होता. हे काम मोठंच आहे. पण सिनेमा पाहून आपण टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, आणि घरी आलो. ती पोरं ज्या शहरात खेळतात तिथे दर सीझनला फुटबॉलची लीगही असते, त्यात हारजीत होते, कोणी वर जातं, कोणी खाली येतं, हे आपल्या गावीही नाही. नागपूर जिल्हा फुटबॉल असोसिएशनची ही लीग. यशवंत स्टेडियम, मोतीबागचं रेल्वेचं मैदान, कामठी अशा ठिकाणी सामने झालेले आहेत. यंग मुस्लिम, राहुल क्लब, किदवई, कामठीचा रब्बानी ही काही नावं. एकदा मोठ्याने वाचून पाहा. लिव्हरपूलचे राखीव खेळाडू पाठ असलेल्या माणसाला ही चार नावं जड जाऊ नयेत.

कामठीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आपल्यापैकी बहुतेकांना कामठी म्हणजे ड्रॅगन पॅलेस आणि एनसीसी कॅम्प एवढंच माहीत. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर, कन्हानच्या काठावर, इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली छावणी. आजही गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर तिथेच आहे. छावणीच्या शेजारी वाढलेलं गाव मात्र विणकरांचं. उत्तरेकडून आलेली मोमीन कुटुंबं, हातमाग, विड्या, छोटे धंदे. या गावात मुलाला बॅट घेऊन द्यायच्या आधी बॉल मिळतो, असं वाटावं इतका तिथे फुटबॉल आहे. विदर्भात क्रिकेटचं काय चाललंय ते सगळ्यांना माहीत. जामठ्याला २००८ पासून मोठं स्टेडियम, आणि २०१८, २०१९, २०२५ असे तीन रणजी करंडक. तिसरा तर इथेच, जामठ्यात, केरळविरुद्ध. (किती जण गेले होते? हात वर करा. स्टेटस ठेवणारे नकोत, जाणारे.) त्या सगळ्या गाजावाजापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला एक गाव वेगळाच खेळ खेळत बसलंय.

मागच्या सीझनला मी लीगचे तीन सामने पाहिले. गॅलरी वगैरे विसरा. लोक कंपाउंडच्या भिंतीवर, मोटरसायकलच्या सीटवर, झाडाखाली. गवत जिथे आहे तिथे आहे, बाकी माती. बॉल भिंतीबाहेर गेला की चार पोरं धावतात आणि जो आणून देतो तो हिरो. पण खरी मजा म्हातारे लोक. एकेकाळी खेळलेली ही मंडळी टचलाइनला चिकटून उभी असतात आणि नव्वद मिनिटं बोलत असतात. माझ्या बाजूला एक चाचा होते. लेफ्ट बॅकचं नाव, त्याच्या बापाचं नाव, बाप कोणत्या जागेवर खेळायचा, सगळं त्यांना ठाऊक. पोराने बॉल जास्त वेळ पायात ठेवला की ओरडायचे, "अरे, शादी करनी है क्या उससे? दे आगे!" पोरगा वळून हसला आणि पुढच्या वेळी खरंच लवकर पास दिला. टीव्हीसमोर आपण रात्रभर जे ओरडतो, त्यातलं एक अक्षर तरी कधी कोणाला ऐकू गेलंय?

इथे लगेच आक्षेप येतो: पण भाऊ, लेव्हल काय? खरं सांगायचं तर लेव्हल कमी-जास्त आहे. फर्स्ट टच कच्चा असतो, शेवटच्या वीस मिनिटांत दम सुटतो. सुटणारच. सकाळी दुकानात किंवा ड्युटीवर उभा राहिलेला माणूस दुपारी उन्हात खेळतोय. क्लब चालतो वर्गणीवर, जुन्या खेळाडूंच्या खिशावर आणि एखाद्या हौशी दुकानदाराच्या दिलदारीवर. पण लेव्हल हाच निकष असेल तर आपल्या इंटर-ब्रँचच्या फायनलला मेकॅनिकलची पोरं घसा बसेपर्यंत का ओरडतात? तिथली लेव्हल मी पाहिली आहे. तिथे आपण ओरडतो कारण गोलकीपर आपल्या शेजारच्या खोलीत राहतो आणि त्याच्याकडे आपला चार्जर आहे.

हे नातं शहराच्या पातळीवर कसं दिसतं ते पाहायचं तर कोल्हापूर. त्या दोस्ताकडून ऐकून मी त्याच्या गावचे सामने पाहायला लागलो. तिथे क्लब म्हणजे तालीम. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब. जी तालीम कुस्तीची, तीच गणपतीची, तीच फुटबॉलची. पेठेत जन्मलात की टीम ठरली, निवडायचा प्रश्नच नाही. सीझनमध्ये शाहू स्टेडियम भरतं, आणि दोन पेठांचा सामना असेल तर त्या दिवशी शहरात दुसरा विषय नसतो. वर्ल्ड कप आला की तेच लोक ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लावतात, कटआउट उभे करतात, पण ते पाहुणे. घरची टीम वेगळी. २०१७ साली भारत पहिल्यांदा फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला, सतरा वर्षांखालचा. त्या टीममध्ये अनिकेत जाधव होता, कोल्हापूरचा. आता हा योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

कोल्हापूरचं सगळंच उचलून आणावं असं मात्र मी म्हणणार नाही. पेठेचं प्रेम तिथे दगडांपर्यंतही गेलेलं आहे. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवायची, स्पर्धा बंद ठेवायची वेळ आलेली आहे. दोस्त हे सांगताना खाली बघतो, पण सांगतो. "आमच्यात निम्मी पोरं खेळ बघाय येत्यात, निम्मी भांडाण बघाय." आपली टीम आहे म्हणजे समोरची टीम शत्रू, हे गणित कोणी घातलं कोण जाणे.

ते गणित असं सोडवावंच लागतं असं नाही, याचं एक उदाहरण तुर्कस्तानात आहे. तिथलं बुर्सा हे शहर मला नागपूरच्या नात्यातलं वाटतं. चांगलं मोठं, पण कायम इस्तंबूलच्या सावलीत, जसे आपण मुंबईच्या. तुर्की लीग म्हणजे इस्तंबूलच्या तीन श्रीमंत क्लबांची मक्तेदारी. गलातासराय, फेनरबाचे, बेशिक्ताश. त्यांच्याबाहेर फक्त ट्रॅबझॉनला ती जिंकता आली होती. २०१० मध्ये बुर्सास्पोर चॅम्पियन झाला. शेवटच्या दिवशी तर फेनरबाचेच्या स्टेडियममध्ये चुकीची घोषणा झाली, बुर्साचा सामना बरोबरीत सुटला म्हणून, आणि तिथले लोक नाचायला लागले. मग कळलं की बुर्साने बेशिक्ताशला हरवलंय! पुढे याच क्लबचे दिवस फिरले. २०१९, २०२२ आणि २०२४, तीन पायऱ्या खाली, थेट चौथ्या श्रेणीत. आणि चौथ्या श्रेणीतही लोक हजारोंनी येत राहिले. पुढच्याच सीझनला टीम वर चढायला लागली.

मला त्यांची आणखी एक पद्धत आवडते. बुर्साचे आणि अंकाराच्या अंकारागुजू क्लबचे चाहते एकमेकांचे दोस्त आहेत. तुर्कस्तानात गाड्यांच्या नंबर प्लेटवर शहराचा आकडा असतो, अंकारा ०६, बुर्सा १६. म्हणून बुर्साचे लोक सहाव्या मिनिटाला अंकारागुजूच्या नावाने घोषणा देतात, आणि अंकारावाले सोळाव्या मिनिटाला बुर्साच्या. आपली एमएच-३१, कोल्हापूरची एमएच-०९. नवव्या मिनिटाला यशवंत स्टेडियमवर पंधरा पोरांनी "कोल्हापूर" म्हणून ओरडून पाहावं. काही होणार नाही, लोक वेड्यात काढतील. पण आमचा तो दोस्त रडेल.

आणि मँचेस्टरच्या भक्तांसाठी एक बातमी, जुनीच आहे. २००५ मध्ये ग्लेझर घराण्याने युनायटेड विकत घेतला तेव्हा तिथल्याच काही चिडलेल्या चाहत्यांनी स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. अगदी खालच्या श्रेणीतून सुरुवात. क्लब सभासदांच्या मालकीचा, प्रत्येकाला एक मत. म्हणजे ज्या शहराची जर्सी घालून आपण रात्री जागतो, त्या शहरातले काही लोक ओळखीच्या माणसांचा छोटा क्लब हवा म्हणून तिथून उठून गेले.

आता माझं मूळ म्हणणं. आपण होस्टेलवाले चार वर्षं नागपुरात राहतो. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, पार पाटण्याहूनही आलेले आहेत. या चार वर्षांत आपलं नागपूर किती? कॉलेज, बर्डी, धरमपेठ, फुटाळा, परीक्षा संपली की सावजी. मोमिनपुऱ्यात आपण रमजानमध्ये एकदा खायला जातो, फोटो काढतो आणि वर्षभर तिकडे फिरकत नाही. उत्तर नागपूर तर बसच्या खिडकीतून. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटात शिकलेल्यांचं तर आणखीच. याच शहरात जन्मून निम्म्या शहराला आम्ही "तिकडे" म्हणतो. तिकडच्या लोकांबद्दल आपली मतं मात्र पक्की असतात, एकालाही न भेटता बनवलेली. भाषणांनी, सद्भावना रॅलीने हे बदलताना मी पाहिलेलं नाही. पण त्या चाचांच्या शेजारी मी दीड तास उभा होतो. त्यांनी मला नाव विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या सेकंदाला ते म्हणाले, "वो देख, ऑफसाइड था." मध्यंतरात अर्धा चहा मला दिला. तिसऱ्या सामन्याला त्यांनी दुरून हात केला आणि भिंतीवर जागा करून दिली.

त्या क्लबांना आपली गरज आहे का? पैशापुरती म्हणाल तर आपल्याकडे पैसेच नाहीत. पण दोनशे लोकांच्या मैदानात वीस पोरं वाढली की खेळणाऱ्याला कळतं. नंतर मला लेफ्ट बॅक भेटला, तर त्याने पहिली गोष्ट विचारली: "कॉलेज से इतने दूर हमारा मॅच देखने आये?" त्याचा विश्वासच बसेना. कॉलेजवाले तिकडे जात नाहीत हे त्यालाही माहीत होतं.

तर जिमखान्याला आणि स्पोर्ट्सच्या सरांना माझी विनंती. नोटीस बोर्डावर इंटर-युनिव्हर्सिटीच्या तारखा लागतात, त्याच्या बाजूला शहरातल्या लीगचं वेळापत्रक लावा, फक्त एक कागद. वर्षातून एकदा एखाद्या क्लबला आपल्या मैदानावर मैत्रीपूर्ण सामन्याला बोलवा. आपली टीम सहा गोलांनी हरेल, हरू द्या. सामने दुपारी असतात, त्यामुळे गर्ल्स होस्टेलच्या गेट टायमिंगचा प्रश्न येत नाही. मैदानावर मुली फार दिसत नाहीत हे खरं आहे, म्हणून आठ-दहा जणींनी मिळून यावं हे बरं. स्टाफमधल्या ज्यांना पूर्वी खेळायची सवय होती त्यांनी तर यावंच, टचलाइनला अनुभवी आवाज लागतात. शिवीगाळ आणि पंचांच्या आईबहिणी यांना आमच्या ग्रुपमध्ये बंदी आहे.

कामठीला जायचं तर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो, तिथून पुढे शेअर ऑटो. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, सावली भिंतीच्या एकाच बाजूला असते आणि ती म्हाताऱ्यांची राखीव आहे. मेसच्या दाराला वही बांधून ठेवली आहे, तिच्यात नावं लिहा. सध्या सात नावं आहेत. त्यात सगळ्यात वर कोल्हापूरवाला.