शर्यत जगायला हवी

इंडियन डर्बी ही घोड्यांची शर्यत पहिल्यांदा १९४३ मध्ये झाली. आजही फेब्रुवारीत मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स तिच्यासाठी गजबजते. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. तरीही सरकार तिला कॅसिनोच्या रांगेत बसवते. सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीवरचा जीएसटी ४० टक्के झाला, तोही पैजेच्या पूर्ण रकमेवर. शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या कमिशनवर कर घेणे रास्त आहे. संपूर्ण पैजेवर घेतला तर शौकीन बेकायदा बुकीकडेच वळणार. मग ना तिजोरी भरते, ना खेळ जगतो. फटका बसतो तो पहाटे घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराला, जॉकीला आणि पागेवर पोट असणाऱ्या घरांना. अर्थमंत्र्यांनी ही करआकारणी बदलावी, ही आमची स्पष्ट मागणी आहे.