रोड रोलरने न दबणारा आवाज

पुणे, नागपूर आणि राज्यातल्या इतरही शहरांत गेल्या काही वर्षांत एक दृश्य नेहमीचे झाले आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे आणि त्यांच्यावरून रोड रोलर फिरवायचा. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते, लोक ‘बरे झाले’ म्हणतात आणि त्याच रात्री साडेअकराला एखादी बुलेट फटाके फोडत गल्लीतून निघून जाते. पोलिसांची कारवाई योग्यच आहे. अडचण अशी की, पुंगळी काढलेल्या गाडीकडे आपण उनाडपणा म्हणून पाहतो. उनाडपणाला दंड पुरतो. हा प्रश्न मात्र झोपेचा, रक्तदाबाचा, कानाचा आणि फुप्फुसांचाही आहे.

आधी सायलेन्सर नेमके काय करतो ते पाहू. इंजिनात इंधनाचा स्फोट झाला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि तप्त, दाबाखालचा वायू नळीत घुसतो. प्रत्येक वेळी दाबाची एक लाट निघते. अशा लाटा मिनिटाला हजारोंनी येतात. सायलेन्सरच्या आतले कप्पे या लाटांना उलटसुलट आपटवतात, त्यामुळे त्या एकमेकींना मारक ठरतात. काही रचनांमध्ये छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंची लोकर असते, ती उरलेला आवाज शोषते. पुंगळी काढणे म्हणजे हे सगळे काढून लाटेला थेट रस्ता मोकळा करून देणे.

‘फटाका’ हा त्यापुढचा प्रकार. चालत्या गाडीचे इग्निशन क्षणभर तोडले की न जळलेले पेट्रोल नळीत जाते आणि तिथल्या उष्णतेने नळीतच पेटते. महागड्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हेच काम संगणकाकडून करवून घेतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थोडे इंधन मुद्दाम सोडायचे आणि ठिणगी उशिरा पाडायची, असे नवे प्रोग्रामिंग इंजिनाला दिले जाते. हौस तीच, खर्च तेवढा वेगळा.

आता आकड्यांकडे वळू. आपल्याकडे १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, तर नऊपर्यंत आसने असलेल्या प्रवासी मोटारीला ७४. हे मोजमाप गाडी जवळून जाताना साडेसात मीटरवरून घेतात. डेसिबलची पट्टी आपल्या रोजच्या मोजपट्टीसारखी नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ८० ऐवजी ९५ डेसिबल झाले, तर वाढ ‘पंधराची’ दिसते, पण ऊर्जा सुमारे ३२ पट असते. एकच तरुण गल्लीतून गेला तरी शेजाऱ्यांच्या दृष्टीने कंपनीच्या सायलेन्सरच्या ३२ गाड्या एकत्र गेलेल्या असतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आणि शांतता क्षेत्राची ४० डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. इथे एक मेख आहे. ही मर्यादा सरासरीची आहे. साडेसात मीटरवर ९५ डेसिबल असलेला आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहाने कमी होतो. म्हणजे ६० मीटरवर तो ७७ उरतो. असा आवाज रात्रीत एकदाच दहा सेकंद झाला आणि तो आठ तासांवर पसरवला, तर सरासरीत त्याचा वाटा जेमतेम ४२ डेसिबलचा. मूळची शांतता ४० डेसिबलची धरली तरी एकूण सरासरी ४५ च्या आतच राहते. कागदावर रात्र शांत गेली. प्रत्यक्षात निम्मी आळी दचकून उठली.

झोपलेल्या माणसाच्या मेंदूला सरासरी कळत नाही, त्याला फक्त तो एक आवाज कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये रात्रीच्या आवाजाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत झोपण्याच्या खोलीत एखादा आवाज ४२ डेसिबलच्या आसपास पोहोचला की जाग येण्याचे प्रमाण वाढू लागते, असा उंबरठा दिला आहे. आपल्या हवामानात खिडक्या उघड्या असतात. रस्त्यावरचा ७७ डेसिबलचा आवाज उघड्या खिडकीतून आत येताना थोडा घटतो, पण ४२ च्या खाली येत नाही.

कान झोपत नाहीत, हे उत्क्रांतीने आपल्याला दिलेले संरक्षण आहे. अचानक मोठा आवाज आला की मेंदू त्याचा अर्थ ‘धोका’ असा लावतो. ॲड्रिनलिन स्रवते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. पूर्ण जाग आली नाही तरी हे घडते आणि सकाळी आठवतही नाही. जर्मनीतल्या माइन्झ येथील संशोधकांनी ७५ निरोगी व्यक्तींना रात्री झोपेत विमानांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आवाजाच्या रात्रीनंतर रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झालेली आढळली. आवाज विमानांचा होता, हे खरे. पण शरीराची ही दचकण्याची यंत्रणा आवाज विमानाचा की बुलेटचा, हे विचारत बसत नाही. रहदारीच्या आवाजामुळे पश्चिम युरोपात दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ चा अंदाज आहे. त्यातला सर्वांत मोठा वाटा झोपमोडीचा होता.

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात ही गोष्ट डोळ्यांना दिसते. आमच्या इमारती जुन्या, खिडक्या मोठ्या आणि त्या रस्त्याच्या बाजूला. हृदयविकाराचा झटका येऊन दोन दिवस झालेल्या रुग्णाच्या मॉनिटरवर फटाक्यासरशी नाडीचा आकडा वर जातो. नुकते दूध पिऊन झोपलेले बाळ दोन्ही हात फेकून दचकते आणि त्याच्याबरोबर बाळंतीणही उठते. वातानुकूलित खोलीत, बंद काचेआड झोपणाऱ्याला हा त्रास कमी होतो. त्यामुळे ज्याला काच परवडत नाही, त्याच्याच वाट्याला आवाज अधिक येतो.

चालवणारा तरी सुटतो का? कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुरक्षित मानतात. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ ला एक तास, तर १०० ला अवघी पंधरा मिनिटे. आतल्या कानातल्या शंखाकृती भागात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी कानात ‘गुंई’ आवाज राहतो. मग गर्दीत समोरच्याचे बोलणे नीट कळेनासे होते. पंचविशीत सुरू झालेले हे नुकसान चाळिशीत ध्यानात येते आणि तेव्हा त्यावर गोळी नसते.

आवाजाच्या गोंगाटात दुसरे एक नुकसान मात्र ऐकूच येत नाही. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या थरावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. अनेक दुचाकींमध्ये तो सायलेन्सरच्या पोटातच बसवलेला असतो. सायलेन्सर बदलला की तोही जातो. ‘सरळ पाइप’ टाकलेल्या मोटारीतही हेच होते. मोटारीच्या तळाशी स्थानिक वेल्डिंगने जोडलेल्या नळीला फट राहिली, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून नवा आवाज ऐकत बसणे तर जिवावर बेतू शकते.

ज्याच्या हातून ही जोडणी होते, त्या कारागिराचा विचार कोणीच करत नाही. जस्ताचा मुलामा असलेली नळी वेल्ड केल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. त्याला मलेरिया किंवा फ्लू समजून गोळ्या घेतल्या जातात. प्रत्यक्षात तो धातूच्या धुराचा ताप असतो. एक-दोन दिवसांत तो उतरतोही, पण दीर्घकाळच्या धुराचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. टपरीवजा गॅरेजात ना पंखा असतो, ना मास्क, ना कानात बोळे.

या हौसेची बाजूही ऐकायला हवी. ‘ताकद वाढते’ हा नेहमीचा युक्तिवाद आहे. टर्बो इंजिनात मोकळ्या एक्झॉस्टने थोडा फरक पडतो. पण बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत, इंजिनाच्या संगणकात बदल केल्याशिवाय, वाढते ती मुख्यतः ताकदीची भावना. आवाज हा वेगाचा आभास देतो. आणि ती भावना हवीहवीशी वाटणे हा काही गुन्हा नाही. ज्याला ती खरोखर हवी आहे, त्याने ती बंदिस्त रेसिंग ट्रॅकवर घ्यावी. रस्ता सगळ्यांचा आहे आणि रस्त्याकडेच्या खिडक्या त्याहून अधिक लोकांच्या.

कायदा अपुरा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा कडक अर्थ उचलून धरला. कलम १९०(२) नुसार आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे मानक मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवान्यावर गंडांतर येऊ शकते. उणीव आहे ती कारवाई कुठे होते, यात. पोलीस रस्त्यावर एकेक गाडी पकडतात, पण तोच सायलेन्सर दुकानात आणि ऑनलाइन उघडपणे विकला जातो. पीयूसी केंद्रात धूर तपासतात, आवाज तपासत नाहीत. कानाला सहज कळणाऱ्या बुलेटवर कारवाई होते, तर आतली झडप बटणाने बंद करता येणारी महागडी मोटार नाक्यावर सभ्यपणे पुढे सरकते.

पॅरिसमध्ये २०२२ पासून ‘ध्वनी रडार’ची चाचणी सुरू झाली. त्यात चार सूक्ष्मध्वनिग्राहक आवाजाची दिशा पकडतात आणि कॅमेरा त्या गाडीचा क्रमांक टिपतो. आपल्या महानगरांत सिग्नलवर कॅमेरे आहेतच. निदान मोठ्या रुग्णालयांच्या दारात आवाज टिपणारी यंत्रणा बसवायला हरकत नसावी. पीयूसीच्या वेळी एक मिनिटाची आवाजाची तपासणी जोडावी. नियमबाह्य सायलेन्सर विकणारा आणि बसवून देणारा या दोघांनाही जबाबदार धरावे. आणि रात्रीच्या आवाजासाठी सरासरीबरोबर कमाल मर्यादाही ठरवावी. जाग सरासरीने येत नाही.

तोवर घरात एक काम करता येईल. मुलाने नवा सायलेन्सर बसवला असेल, तर त्याच्याशी भांडू नका. रात्री अकराला गाडी दुसऱ्या कोणाला चालवायला सांगा आणि मुलाला आजीच्या खोलीत, उघड्या खिडकीशी बसवा. मूळ सायलेन्सर माळ्यावर असेलच, तो परत बसवायला फार वेळ लागत नाही.