अमानत, अनामत आणि रोखे

२०२४च्या फेब्रुवारीतला १५ तारखेचा गुरुवार पुढे निवडणुकीच्या गडबडीत मागे पडला. त्या दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोख्यांची योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. त्याच दिवशी मुंबईत विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी खरी राष्ट्रवादी काँग्रेस अजित पवारांची असल्याचा निकाल दिला आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरवला नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या दोन वेगळ्या बातम्या होत्या. एक पैशाची, एक पक्षफुटीची. मला त्या तेव्हापासून एकच वाटत आल्या आहेत.

पुढे महिनाभरात रमजान सुरू झाला. चांद दिसला त्याच दिवशी, ११ मार्चला, न्यायालयाने स्टेट बँकेचा ३० जूनपर्यंतच्या मुदतीचा अर्ज फेटाळला. तिसरा रोजा सुटला त्या संध्याकाळी निवडणूक आयोगाने रोख्यांच्या याद्या जाहीर केल्या. त्यामुळे त्या वर्षी तरावीहच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चहा पिताना खजुराच्या भावाइतकीच चर्चा कुणी किती कोटी दिले याची होती.

रमजान हा आमच्याकडे हिशेबाचाही महिना. वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशावर अडीच टक्के जकात काढायची, तर बहुतेक घरांत ती याच दिवसांत काढतात. (मराठीत जकात म्हटलं की मानखुर्दच्या नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आठवतात, म्हणून वर्गात हा शब्द मी नेहमी दोनदा समजावून सांगतो.) प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात ही जकात गोळा करायला माणसं नेमली जात. हदीसच्या संग्रहांत अशा एका वसुली अधिकाऱ्याचा प्रसंग आहे. त्याचं नाव इब्नुल लुत्बिया. वसुली करून मदीनेला परतल्यावर त्याने मालाचे दोन ढीग केले. एक सरकारी खजिन्याचा, दुसरा त्याचा स्वतःचा. हा दुसरा लोकांनी मला भेट म्हणून दिला आहे, असं त्याचं म्हणणं. प्रेषित संतापले. त्यांनी लोकांसमोर उभं राहून जो सवाल केला त्याचा आशय असा: हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्या दारात आली असती का?

भेट आणि लाच यांतला फरक ओळखायला याहून सोपी कसोटी माझ्या वाचनात नाही. भेट माणसाला मिळाली की खुर्चीला, एवढंच बघायचं.

ही कसोटी रोख्यांना लावून पाहा. २०१७च्या अर्थसंकल्पात ही योजना आली आणि जानेवारी २०१८मध्ये ती अधिसूचित झाली. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे, विक्री फक्त स्टेट बँकेत, पक्षाने ते पंधरा दिवसांत वटवायचे. देणाऱ्याचं नाव मतदाराला कळणार नाही. काळा पैसा रोखण्यासाठी ही योजना आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वेळी एक जुना नियम गुपचूप काढून टाकला गेला. कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत असे. ती मर्यादाच गेली.

याचा परिणाम काय झाला, याचं उदाहरण आपल्या शहरातलंच आहे. सर्वाधिक रोखे घेणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव आहे क्विक सप्लाय चेन या कंपनीचं. तिचा नोंदणीकृत पत्ता नवी मुंबईचा. एकूण रोखे ४१० कोटींचे. त्यातले ३६० कोटींचे २०२१-२२ या एका वर्षात घेतलेले, आणि त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा साधारण २२ कोटी. जुना नियम असता तर ३६० कोटी द्यायला सरासरी ४,८०० कोटींचा नफा लागला असता. या देणगीत बेकायदा काही नव्हतं. कायदाच तसा करून ठेवला होता. म्हणून न्यायालयाने देणगीदारांना नव्हे, त्या कायद्याला दोष दिला. मतदाराच्या माहितीच्या हक्काचा हा भंग आहे, असं ते म्हणालं.

यादीत पहिलं नाव एका लॉटरी कंपनीचं. फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. या कंपनीमागे ईडीची चौकशी होती. तिचा सर्वांत मोठा वाटा मात्र भाजपला गेला नाही; तो तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक यांना गेला. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या मोहल्ल्यात या विषयावर एकाच पक्षाकडे बोट दाखवून थांबायची सवय आहे. एप्रिल २०१९पासून वटलेल्या रोख्यांत भाजपचे सुमारे ६,०६० कोटी आहेत, म्हणजे इतर कुणाहीपेक्षा कितीतरी जास्त. पण तृणमूलचे सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसचे १,४०० कोटींच्या वर, तेलंगणातल्या भारत राष्ट्र समितीचे १,२०० कोटींच्या वर. ज्याच्याकडे जेवढी खुर्ची, त्याच्याकडे तेवढी भेट, असा हा साधा हिशेब दिसतो. इब्नुल लुत्बियाचा दुसरा ढीग या प्रत्येक पक्षाच्या कार्यालयात आहे.

त्याच महिन्यात, २१ मार्चला, रोख्यांचे क्रमांक जाहीर झाले आणि कुणाचा रोखा कुठल्या पक्षाने वटवला हे जुळवता आलं. त्याच रात्री अरविंद केजरीवालांना ईडीने अटक केली. आरोप तेव्हा सिद्ध व्हायचे होते. पण भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातून जन्मलेल्या पक्षाचा नेता तुरुंगात आणि देणग्यांच्या याद्या वेबसाइटवर, हे एकाच दिवशी पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी काय शिकवायचं, हा प्रश्न गंभीर होता. त्यांच्यातले बरेच जण २० मे २०२४ रोजी पहिल्यांदा मत देणार होते.

कोकणातल्या मुस्लिमांना एक जुनी जखमही आठवायला हवी. बॅरिस्टर अ. र. अंतुले आमचे. आंबेतचा मुलगा महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला याचा अभिमान माझ्या वडिलांच्या पिढीने आयुष्यभर बाळगला. संजय गांधी निराधार योजना त्यांची, कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्या कारकिर्दीत मिळालं. पण १९८१मध्ये अरुण शौरी यांनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानचं प्रकरण काढलं. सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळत असे. बिल्डरांना सिमेंट आणि प्रतिष्ठानला देणगी, असा तो व्यवहार असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२मध्ये काढला आणि अंतुलेंना पायउतार व्हावं लागलं. रोख्यांचा जो आराखडा आपण पाहिला, त्याची ही घरगुती आवृत्ती. फरक एवढाच, की तेव्हा उच्च न्यायालयाच्या एका निकालाने मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली. आमच्याकडे आजही काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आपला माणूस होता म्हणून काढला. पुढे तेच अंतुले केंद्रात मंत्री झाले, हे ते सोयीने विसरतात. आपला माणूस म्हणून माफी द्यायची ही रीत सगळ्याच समाजांत आहे आणि तिच्यावरच तर सगळा खेळ चालतो.

आता दुसऱ्या बातमीकडे. उर्दूतली ‘अमानत’ मराठीत येऊन ‘अनामत’ झाली. उमेदवार अर्जासोबत भरतो ती अनामत रक्कम, लोकसभेला पंचवीस हजार. झालेल्या मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. म्हणजे उमेदवाराची अनामत जप्त करायची व्यवस्था आहे. मतदाराने ठेवलेली अमानत उमेदवाराने परस्पर दुसरीकडे नेली तर ती परत मिळवायची व्यवस्था काय?

कागदावर आहे. १९६७मध्ये हरियाणात गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग मिळाला. १९८५मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तीत एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ म्हणून माफ होती. २००३मध्ये ९१व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. एकट्याने पळणं गुन्हा, घाऊक पळणं मात्र चालतं, असा अर्थ व्यवहारात उरलाच. आणि निर्णय कुणी करायचा? अध्यक्षांनी, जे स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात.

जून २०२२ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्राने या कायद्याची परीक्षा पाहिली. सुरत, गुवाहाटी, गोवा. ३० जूनला एकनाथ शिंदेंचा शपथविधी. ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बोलावलेली बहुमत चाचणी अयोग्य ठरवली, शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही, असंही सांगितलं. १० जानेवारी २०२४ला अध्यक्षांनी कुणालाच अपात्र केलं नाही. राष्ट्रवादीची गोष्ट तर अधिक बोलकी. २७ जून २०२३ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि २ जुलैला अजित पवार त्यांच्याच पक्षासोबतच्या सरकारात उपमुख्यमंत्री झाले. पाच दिवस. फेब्रुवारी २०२४मध्ये अशोक चव्हाण काँग्रेस सोडून दुसऱ्याच दिवशी भाजपमध्ये गेले. ‘आदर्श’ प्रकरणावरून २०१०मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं होतं.

शिवसेनेचा मतदार म्हणेल, आमच्याशी दगा झाला. भाजपचा मतदार म्हणेल, दगा २०१९मध्येच झाला, युतीत मतं मागून सेना काँग्रेसबरोबर गेली. दोघांचंही खरं आहे. आणि त्याच्याही मागे जायचं तर १९७८मध्ये वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झालेच होते. दगा, गद्दार, फितूर, बेइमान: हे सगळे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आणि इथे इतके रुजले की सभेत ते सर्व पक्षांना पुरून उरतात. इमान हा शब्दही तिकडूनच आला. त्याचा खप तेवढा नाही.

प्रेषितांना मक्का सोडावी लागली त्या रात्रीची गोष्ट मुस्लिम घरातल्या प्रत्येक मुलाला सांगितली जाते. जिवावर उठलेल्या मक्केवाल्यांपैकीच अनेकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. हजरत अली यांना त्यांनी मागे ठेवलं ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. विरोधकाचा पैसा म्हणून बुडवला नाही. आपल्या राजकारणात उलट घडतं. ज्यांना हरवण्यासाठी लोकांनी मत दिलं, त्यांच्याच झोळीत ते मत नेऊन टाकलं जातं.

हे मुंबई-दिल्लीतच होतं असं नाही. एप्रिल २०१५मध्ये नवी मुंबईकरांनी १११ नगरसेवक निवडले. राष्ट्रवादी ५२, शिवसेना ३८, काँग्रेस १०, भाजप ६, बाकी अपक्ष. २०१९च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर गणेश नाईक राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर राष्ट्रवादीचे बहुतेक नगरसेवकही. ज्या पक्षाला शहराने सहा जागा दिल्या होत्या, तो एकही मत न पडता शहरातला सर्वांत मोठा पक्ष झाला. नाईक त्याआधी १९९९मध्ये शिवसेनेतून राष्ट्रवादीत गेले होते. पक्ष बदलण्याचं स्वातंत्र्य त्यांना आहेच. पण नगरसेवकांसाठीही महाराष्ट्रात १९८६चा स्वतंत्र अपात्रता कायदा आहे, हे किती मतदारांना ठाऊक असतं?

आणि मग मे २०२०मध्ये त्या सभागृहाची मुदतच संपली. आधी करोना, नंतर ओबीसी आरक्षण, नंतर प्रभागरचनेचा वाद. एप्रिल २०२४मध्ये चार वर्षं होत आली होती, तरी नवी मुंबईला एकही नगरसेवक नव्हता. घटनेच्या २४३-यू कलमानुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. मुंबईतही मार्च २०२२पासून हीच स्थिती होती. याला कुणी दगा म्हणत नव्हतं, कारण इथे कुणी पळून गेलेलं दिसत नव्हतं. पण याचा अर्थ बघा. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते स्थायी समितीच्या सोळा सदस्यांपुढे जातं, मग महासभेपुढे, तिथे भांडणं होतात, काही कामं कापली जातात, काही वाढतात. तेव्हा मात्र आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. जवळपास पाच हजार कोटींचा व्यवहार आणि सभागृहात प्रश्न विचारणारा एकही आवाज नव्हता. या शहराच्या जमिनीचा मोठा मालक सिडको, तिथेही संचालक सरकार नेमतं. ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, त्यांच्या लोकांनी १९८४मध्ये गोळ्या झेलल्या तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा हक्क पदरात पडला. तेव्हा त्यांच्याकडे निदान दि. बा. पाटील होते.

आमच्या जुईनगरच्या सोसायटीतले शेजारचे काका, निवृत्त रेल्वे कर्मचारी, तेव्हा मला म्हणाले, “सर, नगरसेवक काम करायचा नाही हे खरं. पण त्याला दारात जाऊन शिव्या तरी देता यायच्या. आता गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे?” मी विभाग कार्यालयाचं नाव सांगितलं. ते हसले.

त्या एप्रिलमध्ये आधी अलविदा जुमा होता. मग मंगळवारी गुढीपाडवा आणि लगेच दोन दिवसांत ईद. आचारसंहितेमुळे त्या वर्षी मोठे राजकीय इफ्तार कमी झाले, तरी उमेदवारीची आशा धरून असलेली मंडळी नेमाने खजूर तोंडात टाकायला येत होती आणि पाडव्याच्या शोभायात्रेतही दिसणार होती. यावं त्यांनी. ठाण्याचं मतदान पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी होतं. त्याची अधिसूचना २६ एप्रिलला निघणार होती आणि ३ मेपर्यंत अर्ज भरले जाणार होते. अर्जासोबत मालमत्ता, कर्ज आणि फौजदारी खटल्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं. मागच्या निवडणुकीचंही तिथे आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला अर्धा तास लागतो. पक्षाने किती रोखे वटवले ते त्याच वेबसाइटवर मिळेल. महापालिकेची निवडणूक कधी, हे मात्र तेव्हा त्यांनाच तोंडावर विचारावं लागणार होतं.